वाराचे जेवण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून अथवा देशावरच्या एखाद्या आडगावातून इंग्रजी शिकण्याच्या ईर्षेने पुण्यास आलेल्या निर्धन विद्यार्थ्यापुढे जे प्रश्न उभे राहत, त्यांत शाळेचा प्रश्न सर्वांत कठीण नसे, हे सांगितले तर आज कित्येकांना नवल वाटेल. नादारी मंजूर झाली की फी माफ होई. पुस्तके वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलाकडून मागून आणता येत. निजावयास एखाद्या देवळाची ओवरी किंवा ओळखीच्या वाड्यातील जिन्याखालची जागा मिळे. आणि घरात दिवा नसल्यामुळे रस्त्यावरच्या कंदिलाखाली वाचीत बसलेल्या आजोबांची कथा तर प्रत्येक जुन्या घराण्यात एक तरी ऐकावयास सापडते. परंतु ज्या प्रश्नाला सुट्टीचा दिवस नव्हता, आणि ज्याची तड लावणे उद्यावर ढकलता येत नव्हते, तो दोन वेळच्या अन्नाचा होता. खानावळीचे महिन्याचे देणे ज्याच्या वडिलांच्या ऐपतीबाहेरचे होते, अशा मुलाला मॅट्रिकपर्यंत आणि क्वचित बी. ए. पर्यंतही नेऊन पोचविणारी एक व्यवस्था त्या शहराने सिद्ध केलेली होती. तिला अध्यक्ष नव्हता, चिटणीस नव्हता, घटना नव्हती, वार्षिक अहवाल नव्हता, आणि सरकारी ग्रँटचा तर प्रश्नच नव्हता. तिला लोक 'वार' म्हणत. माधुकरी हे तिचेच अधिक जुने आणि अधिक कष्टाचे रूप.

वार लावून जेवणे म्हणजे सात घरांशी आठवड्यातील एकेका दिवसाचे जेवण ठरवून घेणे. ठरवून घेणे हा शब्दही थोडा मोठाच झाला, कारण त्यात करार असा काही नसे. गावाकडच्या उपाध्यायाने अथवा कुलकर्ण्याने पुण्यातील एखाद्या वकिलास, पेन्शनर मामलेदारास किंवा शास्त्रीबुवांस उद्देशून लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी घेऊन मुलगा ओसरीवर येऊन उभा राही. यजमान चिठ्ठी वाचून आत जात, आणि आतून निरोप येई की बुधवार पूर्वीच एकाला दिलेला आहे, परंतु शनिवार मोकळा आहे. आप्तांच्या आणि गाववाल्यांच्या आधाराने पहिले तीन वार लवकर लागत. चौथा आणि पाचवा त्या तीन घरांच्या शिफारशीने मिळे. उरलेले दोन भरून निघेपर्यंत मात्र महिना दोन महिने जात, आणि तोपर्यंत त्या दिवशी मुलगा चणेफुटाण्यांवर राही किंवा झोळी घेऊन माधुकरीस निघे. पुण्यातील कित्येक पेठांना वारांचीच नावे असल्यामुळे या हिशेबात एक गमतीचा घोटाळा उत्पन्न होई. कोणाचा मंगळवार शनिवारात असे, कोणाचा रविवार बुधवारात असे, आणि नवख्या माणसाला हे वेळापत्रक उलगडून सांगताना खुद्द विद्यार्थ्याचीच तिरपीट उडे.

जेवणाच्या मोबदल्यात काही द्यावयाचे नसे, तरी काही करावयाचे असेच. सकाळी स्नान आटोपून, पंचा नेसून वेळेवर हजर होणे. पाटपाणी घेणे, पाने पुसणे. यजमान गावाला गेलेले असतील तर देवपूजा उरकणे. हौदावरून पाणी आणणे, मंडईतून भाजी आणणे. आणि बहुतेक घरांत, धाकट्या मुलाला उजळणी म्हणून दाखवून त्याच्याकडून ती घोकून घेणे. हे सारे कोणी सांगत नसे आणि ते केले नाही म्हणून कोणी वार तोडीतही नसे; पण समजूतदार मुलगा ते न सांगता करी, आणि ज्याला ही समज लौकर आली त्याचे वार वर्षानुवर्षे टिकत. एकादशीला ज्या घरी कडक उपवास असे त्या घरी ज्याचा वार येई, त्याला राजगिऱ्याच्या लाडवावर किंवा दाण्यांवर दिवस काढावा लागे. यजमानांकडे सुतक आले, घरची मंडळी लग्नास परगावी गेली, बाई आजारी पडली, तर त्या दिवसाची पंचाईत ठरलेली. याउलट श्राद्धपक्ष, मंगळागौर, मुंज, सत्यनारायण असे काही निघाले की त्या दिवशीचा वारकरी विद्यार्थी इतर सहा जणांच्या असूयेचा विषय होई. कोणत्या घरी साजूक तूप ताटावर पडते, कोणत्या घरी ताक पाण्यासारखे असते, कोणाच्या आमटीत डाळ शोधावी लागते, याची एक तोंडी बखरच विद्यार्थ्यांमध्ये चालत असे. आणि एखाद्या मुलाचे शिक्षण संपून तो नोकरीला लागला, की त्याचे चांगले वार कोणाला मिळणार याविषयी गादीच्या वारशासारखी चर्चा होई.

अपमान होत नसे काय? होत असे. काही घरी वाराचा मुलगा घरच्या मुलांच्या ओळीतच बसे आणि त्यांच्याइतकेच वाढून घेई. काही घरी त्याचे पान पंगतीच्या शेवटी, दाराशी मांडले जाई, आणि तुपाची वाटी त्याच्यापर्यंत येईतो रिकामी होई. दोन्ही प्रकारची घरे होती. पुढे नावारूपाला आलेल्या मंडळींनी आत्मचरित्रे लिहिली तेव्हा पहिल्या प्रकारच्या घरांची नावे कृतज्ञतेने घातली आणि दुसऱ्या प्रकारच्या घरांची गाळली, हे त्यांच्या सौजन्याला साजेसेच झाले; परंतु त्यामुळे वाचणाऱ्याची समजूत अशी होते की सारे पुणे दयेचा सागर होते. तसे ते नव्हते. तरीही रस्त्यावर ताटकळत राहण्यापेक्षा, दर आठवड्याला नेमक्या दिवशी, नेमक्या वेळी, ज्या घरी आपले नाव ठाऊक आहे त्या घरी जाऊन जेवणे, यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनाला जो आधार होता, तो कोणत्याही खैरातीत मिळण्यासारखा नव्हता. मूल आजारी पडून एका वारास आले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याची विचारपूस करणारे कोणी तरी असे.

या व्यवस्थेचा सगळा भार मात्र ज्यांच्यावर पडे त्यांचे नाव कोठेच लागत नाही. पुण्य यजमानाच्या नावावर जमा होई. चुलीपुढे बसे ती त्या घरातील सून, किंवा बहुतेक वेळा घरच्याच आश्रयाने दिवस काढणारी एखादी सोवळी विधवा आत्या अथवा नणंद. रोजच्या दहा माणसांच्या स्वयंपाकात अकराव्याचे पीठ भिजवायचे, त्याची वाट पाहून मगच आपण बसायचे, आणि उरले नाही तर मुकाट्याने कमी जेवायचे, हे तिच्याकडे असे. ज्या बाईला स्वतःला अक्षरओळख होऊ दिलेली नव्हती, तिच्या हातच्या भाकरीवर दुसऱ्यांची मुले वकील आणि मुनसफ झाली. महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी न्यू इंग्लिश स्कूल 1880 साली निघाले आणि फर्ग्युसन कॉलेज 1885 साली निघाले, हे बरोबर नोंदविले आहे. त्या शाळांतील कित्येक बाके भरली ती सदाशिव आणि नारायण पेठांतील स्वयंपाकघरांच्या बळावर, हे तितक्या अगत्याने नोंदविलेले आढळत नाही.

माधुकरीचा प्रकार निराळा. तिला वेळ ठरलेली पण घर ठरलेले नाही. मुंज झालेला बटू पहिली भिक्षा आईकडे मागतो तो विधी आपण अजून भिक्षावळीच्या रूपाने पाहतो. धर्मशास्त्राने ब्रह्मचाऱ्याला भिक्षेवर राहून अध्ययन करावयास सांगितलेले असल्यामुळे, विद्यार्थ्याने दारात उभे राहून 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणणे याला याचनेचा कलंक नव्हता, निदान तत्त्वतः नव्हता. झोळीत पोळी आणि भात, तांब्यात अथवा कडीच्या भांड्यात आमटी, आणि सगळ्याच घरच्या भाज्या एकमेकींत मिसळलेल्या, अशी ती सामग्री घेऊन मुलगा बिऱ्हाडी येई आणि तीतच सकाळ-संध्याकाळ भागवी. वेदपाठशाळांतील मुले असे करीत ते परंपरेने. इंग्रजी शाळेतील मुले असे करू लागली ते गरजेने. त्यातून एक विलक्षण दृश्य उत्पन्न झाले की सकाळी दहा वाजता झोळी घेऊन आळीत फिरणारा मुलगा अकरा वाजता बाकावर बसून युक्लिडचे सिद्धान्त सोडवीत असे. शास्त्राने त्याला दिलेले अभय वर्गातील श्रीमंत मुलांच्या हसण्यापुढे किती टिकत असेल, हे सांगावयास नको. वार लागला की बहुतेक जण झोळी खुंटीला टांगीत, यावरूनच त्यांचे मन कळते.

पुण्यालाच ही रीत एवढी का फळली याचे कारण शोधू गेल्यास पेशवाईपर्यंत मागे जावे लागते. विद्येला अन्न आणि द्रव्य पुरविणे हे दौलतीचे कर्तव्य होय, ही कल्पना त्या शहराच्या हाडीमासी भिनली ती तेव्हा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी चालू केलेली श्रावणातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली, आणि दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्याकडे लोटू लागले. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा म्हणून तटबंदीचे आवार होते. त्यात सर्वांना कोंडून घेऊन, एकेकाच्या हाती दक्षिणा ठेवून त्याला बाहेर सोडीत, म्हणजे एकदा घेतलेला मनुष्य पुन्हा घेण्यास रांगेत येऊ नये. दानातही फडणिशी अक्कल किती बारीक असते याचा हा नमुना. विद्वानांना याशिवाय वर्षासने असत, देवस्थानांना इनामे असत, मार्गस्थांना आणि बैराग्यांना सदावर्तातून कोरडा शिधा मिळे. आणि अहिल्याबाई होळकरांनी तर आपल्या खाजगीतून हिंदुस्थानभर तीर्थोतीर्थी अन्नछत्रांची तरतूद करून ठेवली होती. 1818 साली राज्य गेले. एल्फिन्स्टन साहेबाने लोकांची मने राखण्यासाठी दक्षिणा एकदम बंद केली नाही. पन्नास हजार रुपयांची मर्यादा घालून ती पुढे चालविली, आणि तीतूनच 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मग हळूहळू जुने दक्षिणाधारक मरत गेले तसतशी त्यांची नावे पटावरून कमी होत गेली आणि त्या रकमेची वाट नव्या शिक्षणाकडे वळली. 1849 मध्ये त्यातील काही भाग मराठी ग्रंथांकडे लावावा असा अर्ज सुधारकांनी केला तेव्हा जुन्या मंडळींनी एवढे काहूर उठविले की जोतीराव फुल्यांना आपली माणसे घेऊन अर्जदारांच्या पाठीशी उभे राहावे लागले. एकंदरीत, सरकारी खजिन्यातून पोट भरण्याचा मार्ग आटला, आणि जे पूर्वी दौलत करीत होती ते आता गृहस्थाच्या चुलीने करावे अशी वेळ आली. वार हा त्या बुडालेल्या दौलतीचा घरगुती अवशेष होय, असे माझे मत आहे.

पैशाची ओढ लागली म्हणजे विद्यावंत मनुष्य दानाच्या वार्तेमागे किती लांब जाई, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणेची लयलूट होणार आहे अशी बातमी कानी आली. आणि एवढ्या भरवशावर गोडसेभटजी आपल्या काकांना बरोबर घेऊन 1857 साली उत्तरेकडे निघाले. वाटेत त्यांना यज्ञाऐवजी बंडाचा आगडोंब दिसला, झाशीचा वेढा आणि पाडाव दिसला, आणि जे द्रव्य मिळाले तेही लुटले गेले. 'माझा प्रवास' हे त्यांचे हकीकतवजा पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केले. लोक ते बंडाचा वृत्तान्त म्हणून वाचतात आणि ते योग्यच आहे, परंतु कर्जाने गांजलेल्या भिक्षुकाने अन्नद्रव्याच्या शोधार्थ केलेली यात्रा म्हणूनही ते वाचण्यासारखे आहे. मुक्कामोमुक्कामी कोण उतरून घेतो, कोण शिधा देतो, कोठे आश्रय मिळतो, याचे एक जाळे सह्याद्रीपासून गंगेपर्यंत पसरलेले होते. ते नसते तर भटजीबुवांनी घर सोडण्याचे धाडसच केले नसते.

काशी हे त्या जाळ्याचे मोठे केंद्र. मराठी सरदारांनी आणि इतर राजेरजवाड्यांनी तेथे घातलेल्या छत्रांमधून रोज शेकडो पाने उठत, आणि संस्कृत शिकण्यास गेलेला मुलगा गाठीला दमडी नसतानाही तेथे वर्षे काढू शके. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी 1899 साली घरातून बाहेर पडले ते पुणे, ग्वाल्हेर अशी मजल दरमजल करीत काशीस पोचले. छत्रातील अन्नावर राहून त्यांनी तेथे संस्कृताचे अध्ययन केले, आणि पुढे नेपाळ आणि सिंहलद्वीप गाठून बौद्ध विद्येचे जगन्मान्य पंडित झाले. 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मकथेत त्यांनी हे दिवस ज्या अलिप्त निर्मळपणाने वर्णिले आहेत, तो मराठी गद्यात दुर्मिळ आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू. वाराच्या आणि माधुकरीच्या गुणगौरवात ती बहुधा राहून जाते, आणि ती राहू दिली तर इतिहास खोटा ठरतो. हे अन्न कोणाला मिळे? सोवळ्याच्या स्वयंपाकघरातील पंगतीला बसण्याचा ज्याला जन्मतः अधिकार होता, त्यालाच. कुणब्याचा, माळ्याचा, साळ्याचा मुलगा तितकाच गरीब आणि तितकाच बुद्धिमान असला तरी सदाशिव पेठेतील ओसरीवर चिठ्ठी घेऊन जाण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. महाराच्या आणि मांगाच्या मुलाची गोष्टच बोलावयास नको, त्याला त्या आळीतून चालणेही सुखाचे नव्हते. मुसलमानाच्या मुलालाही ते दार मोकळे नव्हते. मुलींना तर, कोणत्याही जातीच्या असोत, वार ही वस्तूच माहीत नव्हती. ब्राह्मण समाज शिक्षणात पुढे गेला याची कारणे सांगताना परंपरा, बुद्धी, महत्त्वाकांक्षा यांचा पाढा पुष्कळांनी वाचला आहे. त्यांत एक साधे कारण घालावयास हवे होते, की त्या समाजातील दरिद्री मुलाला शहरात फुकट जेवण मिळण्याची सोय होती आणि इतरांच्या मुलाला ती नव्हती. शाळेचे दार सरकारने सर्वांना उघडे केले होते. स्वयंपाकघराचे दार सरकारच्या हातात नव्हते.

आणि सरकारच्या हातात जे होते ते सरकारने कसे दिले, हे 1876–77 च्या दुष्काळाने दाखविले. दख्खनमध्ये पावसाने दगा दिला, जनावरे मेली, माणसे गावे सोडून निघाली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषाला रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा पुरेसा आहे, असा हिशेब हिंदुस्थान सरकारच्या वतीने पाहणीस आलेल्या सर रिचर्ड टेंपलने मांडला; पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे मुख्यतः सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने, गावोगावची माहिती गोळा करून या मोजमापाविरुद्ध अर्जांवर अर्ज पाठविले, आणि कित्येक ठिकाणी मजुरांनी ती कामेच सोडून दिली. त्याच सुमारास सत्यशोधक समाजाची मंडळी अन्नछत्रे चालवीत होती. धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम निघाला, आणि सावित्रीबाई जुन्नरकडील गावांतून फिरत होत्या. या छत्रांत जातीची चौकशी न करता वाढले जाई, ही गोष्ट मला त्यांतील भाकरींच्या संख्येपेक्षा मोठी वाटते. पुढे 1897 आणि 1900 च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून आणि गुजराथेतून अनाथ मुली आणून केडगावास त्यांना आसरा दिला. त्याबद्दल धर्मांतराचा जो वाद माजला तो सर्वांस ठाऊक आहे, पण त्या मुलींना इतर कोणी आपल्या चुलीपाशी नेले नव्हते हेही तितकेच खरे.

वाराच्या पंगतीबाहेर राहिलेल्या मुलांसाठी जे उत्तर निघाले ते बोर्डिंग. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी ते प्रथम नीट ओळखले. सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह करून पाहण्याचा प्रयत्न जमला नाही तेव्हा त्यांनी 1901 साली मराठ्यांचे व्हिक्टोरिया बोर्डिंग काढले, त्याच सुमारास जैनांचे निघाले, आणि मागाहून मुसलमान, लिंगायत, शिंपी, सोनार, अस्पृश्य अशी एकामागून एक इतकी बोर्डिंगे उभी राहिली की कोल्हापुराला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. जातवार बोर्डिंगांनी जात पक्की केली असा आक्षेप आजही घेतला जातो. आक्षेप निराधार नाही. परंतु ज्या काळी एका पंक्तीला बसण्यास कोणी तयार नव्हते त्या काळी आधी पंगत मांडणे आणि मग ओळी मोडणे, एवढाच मार्ग शहाण्या राजाला मोकळा होता. विठ्ठल रामजी शिंद्यांनी 1906 साली मुंबईस निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापिली आणि अस्पृश्य मुलांच्या शाळांना वसतिगृहांची जोड दिली, डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरास वसतिगृह काढले, तेही हीच अडचण ओळखून.

कर्मवीर भाऊराव पाटील हे या सर्व धाग्यांचे एकत्र आलेले सूत्र. स्वतः ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले असे सांगतात. भाकरीसाठी बाटाबाटीचे नियम पाळावे लागतात याचा त्यांना आलेला हा अनुभव पुढे व्यर्थ गेला नाही. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यास सर्व जातीधर्मांच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग घातले, आणि 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. कोठीत धान्य नसे. तेव्हा खेड्यांतील घरोघर दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते बोर्डिंगास द्यावे, अशी मुष्टिफंडाची रीत पडली; मुलांनी शेतात व बांधकामावर राबून आपला खर्च काही अंशी फेडावा, असा नियम झाला. एवढ्यानेही भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडून मुलांच्या तोंडी घास घातला. मूठभर धान्य ही वारापेक्षा लहान देणगी. परंतु ती देणाऱ्या घराला जेवणाऱ्याची जात विचारण्याची संधीच राहत नाही, आणि घेणाऱ्या मुलाला कोणाच्या ओसरीवर उभे राहावे लागत नाही. व्यवस्था म्हणून ती वारापेक्षा श्रेष्ठ होती, हे निःसंशय म्हणावयास हवे.

पुण्यात मात्र जुनी रीत एकदम सुटली नाही. तिने संस्थेचा अंगरखा घातला. 1909 साली दादासाहेब केतकर प्रभृतींनी अनाथ विद्यार्थी गृह काढले, आणि त्यातील मुले शिस्तीने, पेठा वाटून घेऊन, माधुकरीस निघू लागली. एकेकट्या मुलाची झोळी ही आता संस्थेची झोळी झाली. आणलेले अन्न एकत्र करून सर्वांना वाटले जाई. गृहाने पुढे शाळा चालविली, छापखाना घातला, आणि पुणे विद्यार्थी गृह या नावाने ते आज तंत्रशिक्षणाची मोठी विद्यालये चालवीत आहे. त्या नामांतरात बरेच काही आले. अनाथपणा पाटीवरून उतरला.

वार कधी संपला याची तारीख सांगता येत नाही, पण कशाने संपला हे सांगता येते. दुसऱ्या महायुद्धात 1943 च्या सुमारास मुंबई इलाख्यातील शहरांतून रेशनिंग सुरू झाले, आणि माणशी मोजून मिळणाऱ्या धान्यात अकरावे पान मांडणे कोणालाही परवडेना. वाडे मोडून दोन खोल्यांची बिऱ्हाडे झाली, एकत्र कुटुंबे फुटली, घरातील बायका नोकरीला बाहेर पडल्या आणि ते योग्यच झाले. 1955 साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापून ग्रामीण भागातील मुलांसाठी पुण्यात अल्प खर्चाची वसतिगृहे उभी केली, त्यांत जातीचा प्रश्न नव्हता. आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर फीमाफीच्या सवलतीही वाढल्या. त्याच सुमाराचा, 1959 चा, भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबई राज्याचा कायदा आहे. भिक्षा मागण्याच्या हेतूने खाजगी घराच्या आवारात शिरणे हेही त्याच्या व्याख्येत येते. तो अक्षरशः वाचला तर 'भवति भिक्षां देहि' म्हणत जिना चढणारा बटू शिपायाच्या हाती सापडावा. सुदैवाने शिपायांनी तो तसा वाचला नाही.

आज भुकेल्या विद्यार्थ्याला पुण्यात काय मिळते, हा प्रश्न इतिहासकाराच्या कक्षेतला नव्हे. परंतु स्पर्धापरीक्षांसाठी त्याच पेठांतून दाटीवाटीने राहणारी, मेसचे पैसे वाचविण्यासाठी रात्रीचे जेवण गाळणारी खेड्यापाड्यांतील मुलेमुली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा विषय जुना वाटणार नाही.

पेशव्यांच्या दक्षिणेचे हिशेब पुणे दफ्तरात रुमालांमध्ये बांधून ठेवलेले आहेत. कोणत्या शास्त्र्याला किती दिले, हे दोनशे वर्षांनंतरही सांगता येते. वाराचे दफ्तर कोणी ठेवले नाही. जे काही असेल ते जुन्या वाड्यांतील किराणा-भुसाराच्या वह्यांत, गावाकडून आलेल्या चिठ्ठ्यांत, आणि नोकरी लागल्यावर मुलांनी यजमानांना पाठविलेल्या पत्रांत असेल. वाडे पाडले जात आहेत आणि ती रद्दी दर महिन्यास वखारीत जात आहे. ज्या वाचकांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते टाकू नयेत. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे नेऊन द्यावेत, आणि कागद नसतील तर घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून, आपल्याकडे कोणाचा कोणता वार होता आणि त्या दिवशी स्वयंपाक कोणी केला, एवढे तरी लिहून ठेवावे.